कोरा कागद आणि उसातला बिबट्या

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला इलस्ट्रेशन घेतलेल्या मुलांची एक तक्रार दरवर्षी कानावर येते. विषय ठरलेला असतो, गाईड सरांनी होकार दिलेला असतो, कार्ट्रिज पेपर आणून ठेवलेला असतो आणि हात मात्र चालत नाही. रोज बसायचं, चार रेघा मारायच्या, खोडायच्या, मग मोबाईलवर दुसऱ्यांची चित्रं बघत राहायचं आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटून वही मिटायची. आठवडे असेच जातात. सबमिशनची तारीख जवळ येते तशी धास्ती वाढते आणि धास्तीनं हात आणखी आखडतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून पुण्याच्या कला महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींना समोर ठेवून हे लिहीत आहे. कुणी नगर रस्त्याच्या एसटीत उभ्यानं, तर कुणी दौंडहून लोकलनं रोज ये-जा करतं. आपल्याला काही सुचत नाही, आपल्यात ते नाहीच, अशी समजूत यांच्यातल्या अनेकांनी करून घेतलेली असते. ती चुकीची आहे. बहुतेक वेळा कल्पना आटलेली नसते. विषय फार मोठा घेतलेला असतो, आणि डोळ्यांसमोर जी चित्रं येतात ती आपण पाहिलेल्या जगाची नसतात. या दोन गाठी सोडवल्या की हात पुन्हा चालायला लागतो.

दुसरी गाठ शाळेतच पडते. तुमच्यापैकी बहुतेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, त्यामुळे गावोगावच्या शाळांत या परीक्षांची तयारी जोरात होते. स्मरणचित्राच्या पेपरात बसस्टॉप, भाजी मंडई, रंगपंचमी किंवा विहिरीवरचं दृश्य येणार हे गृहीत धरून ठरावीक माणसं हातात बसवली जातात. पाठमोरी बाई, टोपलीवाला, हात वर केलेला मुलगा, मागे दोन झाडं आणि एक घर. परीक्षेत याचा उपयोग होतो आणि त्यात गैर काही नाही. ठरलेल्या वेळात कागद भरायची सवय त्यातूनच लागते. पण चार-पाच वर्षांनी चित्रपुस्तक करायला बसलात की तीच पाठमोरी बाई पुन्हा येते. ती कुठल्या गावची, तिच्या डोक्यावर काय आहे, सकाळ आहे की दुपार, यातलं काहीच तिच्यात नसतं. तुम्हाला ते जाणवतं, म्हणून तुम्ही खोडता. हात अडतो तो तुमची नजर आता मोठी झाल्यामुळे. हे लक्षण चांगलं आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. समजा शिरूर तालुक्यातल्या एखाद्या मुलीनं विषय घेतला: ‘मानव-बिबट्या संघर्ष, मुलांसाठी चित्रपुस्तक’. विषय तिच्या घराजवळचा आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. संध्याकाळी अंगणात मूल एकटं सोडत नाहीत अशी गावं आहेत. तरीही ती कागदावर बसते तेव्हा काय येतं? दाट जंगल, वेली, मोठ्या बुंध्यांची झाडं, अंधारात दोन पिवळे डोळे. हे शिरूर नाही. हे टीव्हीतलं, परदेशी पुस्तकांतलं, मोबाईलवरच्या चित्रांतलं जंगल आहे. आपल्याकडचा बिबट्या उसात राहतो.

आता पहिलं काम: विषय लहान करायचा. ‘संघर्ष’ काढता येत नाही. पर्यावरण, स्त्री-सक्षमीकरण, ग्रामीण जीवन, हेही काढता येत नाही. हे निबंधाचे मथळे आहेत. चित्र माणसाचं, जागेचं आणि वेळेचं निघतं. म्हणून कुणाबरोबर, कुठे, कधी आणि नेमकं काय घडलं, एवढं एका वाक्यात लिहून काढा. वाक्य जमेपर्यंत पेन्सिल हातात घेऊ नका. आपल्या उदाहरणात ते असं होईल: ‘एका फडात ऊसतोड चालू असताना बिबट्याचे दोन बछडे सापडतात आणि रात्री त्यांची आई येऊन त्यांना घेऊन जाते.’ एक रान, एक दिवस, एक रात्र. कोऱ्या कागदाची निम्मी भीती या वाक्यानं जाते, कारण आता काय काढायचं नाही हे कळलेलं असतं.

हे काही कल्पनेतलं नाही. बिबट्याची मादी उसात विते, कारण तिला तिथे आडोसा मिळतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटायला दीड वर्षाच्या आसपास जातं. एवढा काळ ते रान दाट, ओलसर आणि माणसांच्या वर्दळीपासून दूर असतं. गळीत हंगाम सुरू झाला की तोड येते आणि पाचटात बछडे सापडतात. मग वनखात्याला कळवतात. जुन्नरजवळ माणिकडोह इथे बिबट्या निवारण केंद्र आहे. तिथले डॉक्टर आणि वनकर्मचारी येऊन बछडे तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास ते जिथे सापडले तिथेच खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात. लांबून कॅमेरा लावलेला असतो. बऱ्याचदा रात्रीत मादी येते आणि एकेक करून त्यांना तोंडात धरून नेते. चित्रपुस्तकाला याहून चांगली गोष्ट शोधून सापडणार नाही, आणि ती तुमच्या तालुक्यात घडते.

दुसरं काम: बघायला जा. इथे एक सूचना मनावर घ्या. उभ्या उसात शिरायचं नाही, आणि एकट्यानं किंवा संध्याकाळी जायचं नाही. तोड चालू असलेल्या फडावर दिवसाढवळ्या, शेतकऱ्याला आणि टोळीच्या मुकादमाला विचारून, बांधावर किंवा रस्त्याकडेला बसून काढायचं. बिबट्या बघायला मिळणार नाही, मिळूही नये. बघायचा आहे तो ऊस.

ऊस म्हटलं की आपण सरळ हिरव्या काठ्या काढतो. जवळून बघा. खालची पेरं उघडी पडलेली असतात, त्यांच्यावर पांढुरकी मेणासारखी पूड असते. पेरांचा रंग जातीप्रमाणे पोपटी, पिवळट किंवा जांभळट. कांडं सरळ उभं नसतं, बुडाशी वाकून मग वर गेलेलं असतं, आणि वाऱ्यानं लोळलेल्या उसात तर सगळ्या रेघा एकमेकींत अडकतात. सुकलेलं पान गळून पडत नाही, ते कांड्याला लटकून राहतं. म्हणून उसाच्या रानात खालचा भाग पिवळा-तपकिरी आणि वरचा हिरवा असतो. पानाची कड करवतीसारखी असते. तोडणाऱ्या बायका अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला फडकं का बांधतात ते त्या कडेवरून कळतं. कोयत्यानं बुडखा तुटतो, शेंडा उडतो, वाढं एका बाजूला पडतं, पाचट दुसऱ्या बाजूला. वाढं बांधून जनावरांना जातं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या माणसाची मान किती ताठ असते आणि पावलं किती जवळ पडतात, ते बघून काढा. ही माणसं बहुतेक बीड, अहिल्यानगरकडून आलेली असतात. कडेला त्यांच्या कोप्या असतात, आणि कोपीबाहेर त्यांची पोरं खेळत असतात. तुमच्या गोष्टीतलं मूल कोण, याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

वहीत चित्रांच्या शेजारी शब्दही लिहा. रंग, आवाज, कोण काय बोललं. घरी आल्यावर फोटोपेक्षा हे शब्द जास्त कामाला येतात. फोटो काढायला हरकत नाही, पण माणसांचा काढायचा तर विचारून, आणि बसून काढलेल्या रेखाटनांनंतर. आधी फोटो काढला की डोळा आळसावतो. मोबाईलनं बघितलं म्हणजे आपण बघितलं असं वाटतं.

बिबट्याचं शरीर मात्र अभ्यासानंच काढायचं. मुलं हमखास चित्त्याचे भरीव ठिपके बिबट्याला देतात. बिबट्याच्या अंगावर तुटक कडांची, आतून थोडी गडद अशी फुलांसारखी वर्तुळं असतात. डोक्यावर आणि पायांवर ती भरीव ठिपक्यांत बदलतात. पोट पांढरं, शेपूट लांब. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बिबट्या कसा बसतो, खांदे कसे हलतात, हे काढता येईल. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आपोआप येईल: सुक्या पाचटाचा रंग आणि बिबट्याच्या अंगाचा रंग जवळजवळ एकच आहे. म्हणजे संपूर्ण पुस्तकात तो पिवळा रंग एकच वापरायचा, दोघांनाही. लहान मूल पान उघडेल आणि पाचटात बिबट्या शोधत बसेल. ही कल्पना खोलीत बसून सुचली नसती.

बिबट्याचा चेहरा करताना जपून. टोपी घातलेला हसरा बिबट्या काढू नका, आणि लाल डोळ्यांचा राक्षसही काढू नका. ज्या गावात मूल गेलं आहे त्या गावातल्या मुलाच्या हातात हे पुस्तक पडू शकतं. त्या मुलाला खोटं वाटेल असं काही त्यात नको.

आता कागदावर येऊ. चित्रपुस्तक ८ पानांच्या फर्म्यावर छापलं जातं, म्हणून पानं १६, २४, ३२ अशी येतात. २४ पानांचं पुस्तक म्हटलं की विद्यार्थी २४ चित्रांच्या भीतीनं गारठतो. मोजून बघा. पहिली तीन पानं शीर्षक, प्रकाशनाचा तपशील आणि अर्पणपत्रिकेत जातात. शेवटचं पान समारोपाचं. मध्ये ४-५ पासून २२-२३ पर्यंत १० जोडपानं उरतात. म्हणजे तुम्हाला १० चित्रं करायची आहेत. ए-थ्री कागदावर २४ चौकटी आखा, त्या बाजूला ठेवा आणि फक्त या १० जोडचौकटींकडे बघा.

त्या चौकटींत भरायची चित्रं व्हिजिटिंग कार्डाएवढी काढायची, त्याहून मोठी नाहीत. बॉलपेननं, म्हणजे खोडता येणार नाही. एकेकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. एकाच प्रसंगाची वीस-पंचवीस काढा. पहिली दहा शिळी निघतील, पाठमोरी बाई त्यांत येईल, जंगलातले पिवळे डोळे येतील. येऊ द्या. ती आतून बाहेर पडल्याशिवाय पुढची येत नाहीत. हात थकतो, चांगलं काढायचा हट्ट सुटतो, आणि मग एखादं वेगळंच निघतं.

तरीही तेच ते येत असेल तर बसायची जागा बदला. बछडे सापडण्याचा तोच प्रसंग ट्रॉलीवर उभ्या माणसाच्या उंचीवरून काढा, मग बांधावर बसलेल्या पोराच्या उंचीवरून, मग बछड्याच्या डोळ्यांतून. बछड्याच्या उंचीवरून माणसांची तोंडं दिसतच नाहीत. चिखलानं भरलेल्या चपला दिसतात, कोयत्याचं पातं दिसतं, आणि जिथे आजवर नुसती कांडीच कांडी होती तिथे एकाएकी आभाळ दिसतं. इथे पुस्तकाची मांडणीही हाती येते. पहिल्या जोडपानावर काठोकाठ ऊस, इतका की शब्दांना जागा नाही. पान उलटत जाल तसा ऊस तुटत जाईल, कागदाचा पांढरा भाग वाढत जाईल, आणि आठव्या-नवव्या जोडपानावर मोकळं रान, मधोमध एक खोकं आणि रात्र. तोडीनं होणारा बदल वाचणाऱ्याला मोकळ्या जागेतून जाणवेल. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकाचा जीव या एका निर्णयात आहे. रंगकाम त्यानंतर येतं.

दौंडच्या मुलांना वेगळं उदाहरण देतो. यवत, केडगाव, पाटस या बाजूला गुऱ्हाळं आहेत. ‘आमच्या भागातला गूळ-उद्योग’ हा विषय घेतला की माहितीपत्रक तयार होतं: ऊस, चरक, काहील, ढेप, बाण काढून जोडलेले चार टप्पे. त्याऐवजी गुळव्याचे हात घ्या. चुलाणावर काहील उकळत असते, मळी काढून टाकलेली असते, रस दाट होत फसफसायला लागतो. पाक झाला की नाही हे गुळव्या थर्मामीटरनं ठरवत नाही. तो पाकाचा थोडा भाग थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरवायची. त्या काही क्षणांत सगळे त्याच्या बोटांकडे बघत असतात. फक्त हातांची बारा चित्रं करा: चुलीत पाचट सारणारे, मळी ओढणारे, गोळी वळणारे, साच्यातल्या ढेपेवर थाप मारणारे आणि शेवटी काकवी चाटणारे एका पोराचे. चेहरे काढायचेच नाहीत. अशी एखादी अट स्वतःवर घालून घेतली की हात मोकळा होतो, कारण शंभर निर्णयांपैकी नव्वद आधीच झालेले असतात.

दौंड-पुणे हा सुमारे ७५ किलोमीटरचा रोजचा प्रवास तुमची फुकटची रेखाटनशाळा आहे. तळहाताएवढी वही आणि एक पेन पुरे. एक स्टेशन, एक माणूस. खुटबाव ते केडगाव एवढ्या वेळात समोरच्याचा नुसता खांदा आणि मान. कडेठाणला तो उतरला तर अर्धवट राहू द्या. गर्दीत धक्के बसतात, रेघ वाकडी जाते, तीही तशीच ठेवा. मोठा प्रकल्प अडलेला असतो तेव्हा ही वही चालू राहणं फार महत्त्वाचं. हात रोज चालला की रविवारी टेबलाशी बसताना तो परका वाटत नाही.

ज्यांचा विषयच ठरत नाही त्यांनी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत शोधण्याआधी आसपास हिंडून बघावं. शिरूरला कर्नल वॉलेसची कबर आहे. १८०९ साली वारलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला लोक सत्पुरुष मानत आणि सुगीला नवं धान्य तिथे नैवेद्याला आणत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता आणि तिथल्या बायका-मुली खिळे जुळवायच्या. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. काळ्या दगडात पाण्यानं कोरलेले ते आकार नुसते काढत बसलात तरी एक वही भरेल. दौंड जंक्शनला पूर्वी मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या इंजिन दुसऱ्या टोकाला लावण्यासाठी थांबायच्या. त्या थांब्यात फलाटावर काय काय घडायचं हे तुमच्या घरातल्या थोरांना विचारा.

रंगांवर अडलेल्यांनी इनामगाव पाहावं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी तांबड्या अंगाची असून त्यांवर काळ्या रंगात नक्षी आहे. आडव्या रेघा, तिरप्या रेघांच्या जाळ्या, त्रिकोण. एवढंच. दोन रंग आणि कुंचल्याचे सरळ फटकारे. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात या उत्खननातल्या वस्तू आहेत. वही घेऊन जा आणि एका भांड्यावरची नक्षी खांद्यापासून पोटापर्यंत कशी फिरते ते काढा. तुमच्याकडे छत्तीस रंगांचा संच आहे, शिवाय टॅबलेटवर लाखो छटा आहेत. म्हणूनच ठरत नाही. प्रकल्पाच्या पहिल्या कच्च्या फेरीत दोनच रंग वापरा. तिसरा हवा असेल तर तो कशासाठी हे वहीत लिहा आणि मगच घ्या.

मूड लागत नाही म्हणून थांबणाऱ्यांना आपल्या चित्रकारांची आठवण करून द्यावीशी वाटते. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. दिवाळी अंक दिवाळीच्या आधी निघावाच लागतो. वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करत होते आणि त्याच काळात मराठी पुस्तकं-मासिकांसाठी वर्षानुवर्षं रेखाटत होते. शि. द. फडणीसांना बालभारतीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांची चित्रं करायची होती. बेरीज, वजाबाकी, भागाकार. याहून रूक्ष विषय कुठला? पण त्यांच्या चित्रांमुळे गणिताचं पान उघडणारी पोरं आधी हसली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातलीच माणसं आहेत. ही पुस्तकं मिळवा, पण शैली उचलण्यासाठी नको. एकेक चित्र घेऊन विचारा: यात काय काय काढलेलं नाही? चित्रकारानं काय गाळलं हे कळायला लागलं की आपल्याला काय ठेवायचं ते ठरवता येतं.

संदर्भचित्रांच्या ॲपचं आणि दोन ओळी लिहिल्या की चित्र काढून देणाऱ्या यंत्राचं काय करायचं, असं मुलं विचारतात. महाविद्यालयाचे नियम गाईडना आधीच विचारून घ्या. नियम काहीही असोत, पहिले पंधरा दिवस या दोन्ही गोष्टी बंद ठेवा असं मी सांगेन. तिथे उसाऐवजी बांबू आणि फडाऐवजी जंगल मिळण्याचीच शक्यता जास्त. तुमची दहा जोडपानं बॉलपेननं ठरून गेली की मग खुशाल बघा. तेव्हा ती चित्रं तुम्हाला दडपू शकणार नाहीत.

गाईडकडे रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि काही झालं नाही म्हणून जायचं टाळूही नका. ‘सर, जमतच नाही’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. ‘मॅडम, चौथं आणि पाचवं जोडपान सारखंच वाटतंय, कुठलं ठेवू?’ याला असतं. फसलेल्या छोट्या चित्रांवर तारखा टाकून ती सगळी एका फाईलला लावा. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक शेवटच्या चित्राइतकाच त्याच्या मागचा प्रवास बघतात.

कधी कधी हात अडण्याचं कारण चित्रात नसतंच. पहाटे उठून गाडी, रात्री नऊला घरी, मध्ये शेतातलं काम, फीचा हप्ता, ‘चित्रं काढून पोट भरणार का’ हा घरातला प्रश्न. अशा वेळी आळशी म्हणून स्वतःला दोष देऊ नका. आठवड्यातली एक सकाळ घरच्यांशी बोलून मोकळी करून घ्या, तेवढीही पुरते. आईवडिलांना वही दाखवा. त्यांच्याच गुऱ्हाळाची, त्यांच्याच रानाची चित्रं बघून ते चुका सांगतील, ‘मोळी अशी बांधत नाहीत’ म्हणतील, आणि ती मदत अस्सल असते. पण बरेच दिवस झोप नाही, जेवण नकोसं, कशातच जीव रमत नाही, नको ते विचार येतात, असं होत असेल तर प्रकल्प बाजूला ठेवा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

कच्ची दहा जोडपानं तयार झाली की झेरॉक्स काढून, घड्या घालून, मधोमध दोन पिना मारून खोटं पुस्तक बनवा. घडीच्या जागी काही महत्त्वाचं येत नाही ना ते बघा. बिबट्याचं तोंड शिवणीत गेलं तर तो दिसणारच नाही. मग हे पुस्तक गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना विचारून दुसरीतल्या एखाद्या मुलाच्या हातात द्या. गोष्ट सांगू नका, समजावू नका. त्याचं बोट कुठे जातं, कुठलं पान तो मागे उलटून पुन्हा बघतो, कुठे तो कंटाळून खिडकीबाहेर बघतो, एवढं वहीत टिपून घ्या. जिथे तो कंटाळला ते जोडपान पुन्हा काढायला घ्या, पुन्हा व्हिजिटिंग कार्डाएवढं, बॉलपेननं. बाकीची नऊ मोठ्या कागदावर घ्यायला हरकत नाही.